बरं वाटण्याचा दिवस

आप्पांनी पेजेची वाटी तोंडाला लावून रिकामी केली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "लोणचं असतं तर आणखी एक वाटी गेली असती."

काकी हसली. आदल्या सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती. शेजारच्या खाटेवर राजी उठून बसली होती आणि काकीच्या पिशवीतला छोटा आरसा गुडघ्यावर टेकवून केस विंचरत होती. तेवढ्यात डॉ. मगदूम आत आले. त्यांनी आप्पांची नाडी पाहिली, राजीला जीभ दाखवायला सांगितली आणि समाधानानं मान हलवली.

"उलट्या नाहीत, जुलाब नाहीत. हे सलाईन संपलं की घरी जायला हरकत नाही."

"उद्या निपाणीची मंडळी येणार आहेत पोरीला बघायला," आप्पा म्हणाले. "म्हटलं, आता सगळं बोंबललं."

"येऊ देत की. आमच्याही वाटणीचे पोहे ठेवा."

खोलीतले सगळेच हसले. मी खिडकीचा गज धरून उभी होते आणि माझे हात गार पडले होते.

आदला दिवसभर दोघं पोट धरून तळमळत होती, तेव्हा मी घाबरले नव्हते असं नाही. पण ती भीती कुणालाही वाटेल तशी होती. ही वेगळी होती. त्यांना बरं वाटायला लागलं आणि ही सुरू झाली. बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर जसजसा रंग येत होता, तसतसा माझा उतरत होता. आणि का, ते मी त्या खोलीत कुणाला सांगू शकत नव्हते.

आता या गोष्टीला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले, आई मी कॉलेजात असताना. मला वाढवलं आप्पांनी आणि काकीनं. आप्पा गडहिंग्लजच्या कोर्टात नकलनवीस होते. जुने निकाल, दस्त यांच्या नकला काढून लोकांना द्यायच्या, हेच काम त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर आजऱ्याच्या पलीकडे डोंगरातल्या आमच्या गावी येऊन राहिले होते. राजी त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून लहान. मी पुण्यात पीएच.डी. करत होते आणि तिच्या बघण्याच्या कार्यक्रमासाठी रजा काढून आले होते.

मी पोचले ती संध्याकाळची वेळ होती. घाटातल्या वळणांनी आणि एस.टी.तल्या डिझेलच्या वासानं माझं पोट ढवळून निघालं होतं. दारातच खोबऱ्याच्या वाटणाचा वास आला.

"शुभी, येळंवर आलीस," आप्पा आतून म्हणाले. "अळंब्या गावल्यात. मटणाला मागं सारील असा रस्सा झालाय. हात धू आणि बस."

"नको आप्पा. पोटात काही राहणार नाही. थोडा ताकभात खाते."

"तुझं नशीब," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या ताटात आणखी एक डाव वाढून घेतला. काकीला लहानपणापासून अळंबीचा वास सहन होत नसे. ती करून घालायची, पण तोंडाला लावायची नाही. त्यामुळे आप्पा आणि राजी दोघंच जेवले. राजीनं बेतानंच खाल्लं, कारण साडी नेसायची आहे, पोट दिसायला नको, असं तिचं चाललं होतं. आप्पांनी मात्र पातेलं जवळजवळ एकट्यानं संपवलं.

रात्री सगळे शांत झोपलो. सकाळी चहा घेता घेता आप्पा उठून परसात गेले आणि तिथंच भिंतीला धरून खाली बसले. त्यांना आत आणेपर्यंत राजीनं न्हाणीत उलटी केली. मग थांबेचना. दोघांच्या अंगातलं पाणी असं वाहून चाललं होतं की थोड्याच वेळात आप्पांचे डोळे खोल गेले. आमच्या शेजारच्या इलाही मुल्लांची जीप होती. तिच्यात घालून त्यांना आम्ही आजऱ्यात डॉ. मगदूमांच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर धावपळीचे, भले गृहस्थ. त्यांनी दोघांना लगेच सलाईन लावलं, मग विचारलं, "काय खाल्लंत?"

"अळंबी," काकी म्हणाली. "काल दिवेलागणीला."

"आणि त्रास आज सकाळी?" त्यांनी क्षणभर विचार केला. "मग अळंबीचा दोष नव्हे. विषारी असती तर ताटावरून उठायच्या आत उलटून पडली असती. एवढा वेळ थांबली नसती. नारळ नासलेला असेल, पाणी असेल. जंतूंचा प्रकार आहे. औषध चालू करतो."

काकीनं सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. तसं त्यांचं बोलणं समजूतदारपणाचं होतं आणि आमच्या भागात सगळे तसंच समजत.

संध्याकाळकडे उलट्या कमी झाल्या. मी राजीच्या पायथ्याशी बसले होते. डॉक्टरांचं ते एक वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं होतं. एवढा वेळ थांबली नसती. हे वाक्य मी कुठंतरी बरोबर उलटं ऐकलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत एका फ्रीजरला कुलूप असे. त्यात बोटाच्या पेराएवढी एक कुपी होती, तळाशी चिमूटभर पांढरी पूड आणि वर कवटीचं चित्र. मी रुजू झाले तेव्हा माझ्या एका वरिष्ठ सहकारी बाईंनी ती मला दाखवून सांगितलं होतं, "हे पोटात गेलं तर लगेच काही होत नाही. म्हणूनच याला भ्यायचं. जे लगेच त्रास देतं, त्यातून माणूस वाचतो. हे आधी थांबतं. मग पोट बिघडतं. मग एक दिवस माणूस अगदी ठणठणीत होतो. आणि त्यानंतर यकृत जातं."

ती पूड एका जातीच्या अळंबीतून काढलेली होती.

मी ते विष महिनोन्महिने वापरलं होतं. माझं काम पेशीत जनुकांच्या नकला कशा निघतात, त्यांतला नको तो भाग कसा कापला जातो आणि उरलेले तुकडे कसे जोडले जातात यावर होतं. नकला काढणारं यंत्र थांबवून पाहायचं असलं की त्या पुडीचा किंचितसा अंश आम्ही पेशींवर घालायचो. यंत्र जागच्या जागी थांबायचं. आणि ती अळंबी दिसते कशी, हे मी कधी विचारलंही नव्हतं. माझ्यासाठी ते विष कुपीत तयार व्हायचं.

मी काकीला बाहेर ओसरीवर नेलं. "अळंब्या कुठल्या होत्या गं? नेहमीच्या, वारुळावरच्या?"

"न्हाई. वारुळावरच्या औंदा पोरांनी आधीच नेल्या. ह्यांना वरच्या नव्या लागणीत, झाडांच्या बुडाला दिसल्या."

"दिसायला कशा होत्या?"

"पांढऱ्याधोट. मोठ्या गुबगुबीत. फकस्त बुडाला एक पिशवीगत होतं, अंड्याचं कवाच फुटल्यावानी. मी म्हटलंसुद्धा, असल्या कधी बघितल्या न्हाईत. तर म्हणाले, जात तीच, जरा जोमानं आलीय."

म्हणजे ती नेहमीची जात नव्हती. तरी विषारी नसेल, जंतूच असतील, असं मला फार मनापासून हवं होतं. ती रात्र मी दोघांकडे बघत काढली आणि मनात एकच हिशेब चालू राहिला. उद्या ती आजारीच राहिली तर जंतू. उद्या त्यांना बरं वाटलं तर ते दुसरं.

आणि सकाळी आप्पांनी लोणचं मागितलं.

डॉक्टर बाहेर निघाले तशी मी त्यांच्या मागे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. औषधांच्या कपाटाला टेकून त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी प्रयोगशाळेत काम करते. पण या विषावर मी काम केलंय."

"माणसावर?"

"पेशींवर."

"बघा ताई, मी तीस वर्षांत असा रोगी पाहिलेला नाही. जंतूंचं औषध दिलं, रोगी सुधारला. मी काय समजायचं?"

"ते औषधानं सुधारलेले नाहीत. या विषात असंच होतं. हे विष जंतूंना काही करत नाही, सर, ते यात मजेत वाढतील. जंतूंचं यंत्र वेगळ्या घडणीचं असतं. हे विष आपल्याच पेशींना धरतं. यकृताचं रक्त तपासता येईल का?"

"इथं सोय नाही. नमुना गडहिंग्लजला जातो, उत्तर उद्या दुपारी येईल."

"उद्या दुपारी उशीर झालेला असेल."

त्यांनी कपाटावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. 

"तुमचं चुकत असेल तर बेळगावची एक फेरी फुकट जाईल, एवढंच," ते हळूच म्हणाले. "मी चिठ्ठी देतो. पण त्यांना नेणं माझ्या हातात नाही. ते स्वतः बरे आहेत म्हणतात."

मी समोरच्या दुकानातून पुण्याला फोन लावून पाहिला. निदान कुणीतरी सांगावं, हो, तेच आहे. किंवा नाही, वेडी आहेस तू. लाईन मुकी होती. पावसानं खांब पडलाय, दुकानदार म्हणाला.

मी परत येऊन आप्पांच्या खाटेवर बसले. त्यांनी सदरा घातला होता आणि वरची गुंडी लावत होते.

"आप्पा, आपल्याला घरी जायचं नाही. आत्ता बेळगावला जायचंय, मोठ्या दवाखान्यात."

"कशाला?"

"अळंबी विषारी होती."

"होती तर गेली की पोटातनं. काल दिवसभर दुसरं काय केलं मी?" ते हसले. "बरं वाटायलंय मला, शुभी. चांगलं बरं वाटायलंय."

"त्याचीच भीती आहे."

हे ऐकून राजीचा फणीचा हात थांबला. काकी जवळ आली. मला वाटलं, आता पाठ केल्यासारखं बोलले तर कुणालाच काही कळणार नाही. मी आप्पांचा हात हातात घेतला.

"आप्पा, कोर्टात मूळ रजिस्टर कधी बाहेर जायचं का?"

"छ्या. रेकॉर्डच्या खोलीतनं मूळ कागद हलवायचाच न्हाई. नक्कल जाते."

"आपल्या शरीरातही तसंच आहे. प्रत्येक पेशीत एक खोली, तिच्यात मूळ रजिस्टर. शरीराला जे लागतं ते कसं बनवायचं हे सगळं त्यात लिहिलेलं. पेशीला काही बनवायचं असलं की त्या पानाची नक्कल निघते. त्या नकलेत मधेमधे नको तो मजकूर असतो, तो कापायचा, राहिलेले तुकडे जोडायचे, आणि मग नक्कल खोलीबाहेर जाते. माझं पुण्यातलं काम त्या कापण्या-जोडण्याचंच आहे."

"आणि जंतूंत?" आप्पांनी विचारलं. कामाचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे.

"त्यांच्यात वेगळी खोलीच नसते. एकीकडे नक्कल निघत असते आणि दुसरीकडे तीच वाचून काम सुरू झालेलं असतं. बहुतेक कापाकापीही नाही. त्यांचा नकलनवीस वेगळा, आपला वेगळा. तुम्हाला क्षय झाला होता तेव्हा लघवी तांबडी व्हायची ते औषध आठवतंय? ते जंतूंच्या नकलनविसाचा हात धरायचं आणि तुमच्याला मोकळा सोडायचं. म्हणून जंतू मेले आणि तुम्ही राहिलात."

"आणि ह्या अळंबीचं?"

"बरोबर उलटं. जंतूंच्याला हात लावत नाही. आपल्याच नकलनविसाला धरून बसतं. यकृतात सगळ्यांत जास्त."

 आप्पांना कळलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी दोन बोटांनी चादरीची किनार चाचपली.

"मग आता बरं का वाटतंय?"

"आधी काढून ठेवलेल्या नकलांवर काम चाललंय. त्या संपत आल्या की..."

 राजी म्हणाली, "ताई, तू उगाच घाबरवायलीस. मला काय सुदिक होत न्हाई." आणि ते तिनं इतक्या टवटवीत चेहऱ्यानं म्हटलं की मला तिच्याकडे बघवलं नाही.

आप्पांनी उसासा सोडला. "हे बघ, तू शिकलीस, तुला कळतं. न्हाई म्हणत न्हाई मी. पण उद्या निपाणीची माणसं येणार. पोरीला बेळगावला दवाखान्यात ठेवलीय म्हटल्यावर काय समजतील? मोठं दुखणं आहे म्हणतील. हे तिसरं स्थळ आहे, शुभी. उद्याचा दिवस जाऊ दे. परवा पहिल्या गाडीनं जाऊ. माझा शब्द."

"परवा उपयोग नाही."

"एका दिवसानं काय हुतंय?" काकी म्हणाली. तिचा आवाज विनवणीचा होता. तिला माझं म्हणणं खोटं ठरायला हवं होतं.

इलाहीभाई जीप घेऊन दारात आले होते, आम्हाला घरी न्यायला. त्यांनी भोंगा वाजवला. राजीनं खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या. आप्पा उठून उभे राहिले आणि दाराकडे निघाले. धडधाकट माणूस चालतो तसे. त्यांच्या पाठीकडे बघताना काय बोलतेय हे कळायच्या आत मी बोलून गेले.

"आप्पा, मीपण खाल्लीय."

ते वळले.

"काल सकाळी. तुम्ही सगळे उठायच्या आधी. पातेल्यात रस्सा उरला होता, तो मी शिळ्या भाकरीबरोबर खाल्ला. दोन अळंब्या होत्या त्यात. अजून मला काही होत नाहीये, पण होणार. मला फार भीती वाटतेय. मला एकटीला नका पाठवू."

मी रडत होते, आणि रडणं खरं होतं.

काकीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आप्पा तिच्या शेजारीच उभे होते, ते मधेच म्हणाले, "गप." मग माझ्याकडे बघत राहिले. 

"इलाही," त्यांनी बाहेर हाक मारली, "जीप वळव. बेळगावला जायचं."

"आप्पा, आणि उद्याचं?" राजी म्हणाली.

"उद्याचं मरू दे. आपली शुभी आजारी आहे. बस आत."

मी त्या रश्शाचा एक थेंबही चाखला नव्हता. वाटेत मी मागच्या बाजूला बसून बाहेर बघत होते. जीपच्या घरघरीत पुढचं बोलणं मागं ऐकू येत नव्हतं. आप्पा आणि काकी पुढं इलाहीभाईंच्या शेजारी बसले होते. राजी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "भिऊ नको गं ताई, काय हुत न्हाई तुला," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी सारखी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघत होते. अजून पांढराच होता. मला वाटायचं, आता दिसेल पिवळा. मग वाटायचं, आणि दिसलाच नाही तर? सगळं माझ्या मनाचं असेल तर? तसं असतं तर किती बरं झालं असतं.

बेळगावच्या दवाखान्यात डॉ. हुक्केरी म्हणून मध्यम वयाच्या बाई होत्या. चिठ्ठी वाचून आणि मीही खाल्लंय हे आप्पांकडून ऐकून त्यांनी एकही प्रश्न न विचारता तिघांचं रक्त घ्यायला सांगितलं. मग मला बाजूला घेतलं.

"तुम्हीपण खाल्लंय ना? मग चालताय कशाला, झोपा."

"मी नाही खाल्लं," मी पुटपुटले. "तसं सांगितलं नसतं तर ते आले नसते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "तो कापूस राहू दे हातावर. काढू नका."

अंधार पडायच्या आत रक्ताचं उत्तर आलं. डॉ. हुक्केरींनी ते मला तोंडीच सांगितलं. राजीचं यकृत बिघडायला लागलं होतं. आप्पांचं फारच. "उद्या आला असतात तर मी आशाच दिली नसती," त्या म्हणाल्या, "आज आलात, तर बघू या."

पेनिसिलिनच्या मोठ्या मात्रा सुरू झाल्या. जंतूंसाठी नव्हेत, त्यानं यकृतात शिरणारं विष अडतं, निदान तशी आशा असते. कोळशाची पूड पाण्यातून पाजली. सलाईनच्या बाटल्या बदलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी, ज्या वेळी निपाणीची मंडळी आमच्या कुलूपबंद दारात उभी असतील त्याच सुमाराला, राजीचे डोळे हळदीसारखे झाले. ती आरसा मागत होती. काकीनं तो पिशवीत खोल दडवून ठेवला.

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आप्पांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मधेमधे ते असंबद्ध बोलत, कुठल्यातरी अपिलाची नक्कल अजून तयार नाही म्हणून साहेबाची माफी मागत. शुद्धीवर आले की आधी माझ्याकडे बघत.

"तुझं रक्त बघितलं?"

"बघितलं आप्पा. चांगलं आलंय."

"आणखी एकदा बघायला सांग. हयगय करू नको." आणि माझ्या कोपरावरच्या चिकटपट्टीवर हात ठेवून डोळे मिटत. मी रोज नवा कापूस लावून घेत होते. नर्स काही न विचारता लावून द्यायची.

राजी वाचली. एका सकाळी डॉ. हुक्केरी तिच्या खाटेपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, यकृत सावरायला लागलंय. नंतर पुष्कळ दिवस ती अशक्त होती, पण वाचली. आज ती कोल्हापूरला असते, तिची दोन्ही मुलं माझ्याहून उंच झाली आहेत.

आप्पा त्याच दिवशी दुपारी गेले. शेवटी त्यांना कुणाचीच ओळख राहिली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर घरात मी, काकी आणि राजी एवढ्याच उरलो. राजी दिवसातला बराच वेळ झोपून असे. एका दुपारी काकी सोप्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, मला तुला काहीतरी सांगायचंय. मी अळंबी खाल्ली नव्हती. आप्पांशी मी खोटं बोलले.

"ठाऊक आहे," काकी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "पातेलं मी त्याच रात्री घासून पालथं घातलं हुतं. त्यात शिळं काय उरणार? तेच बोलायला तोंड उघडलं तर ह्यांनी मला गप केलं."

"म्हणजे आप्पांनाही...?"

"चुलीपाशी पाट टाकून बसले हुते की मी घासतवर. त्यांनी बघितलंच हुतं." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "जीपमधी मी हळूच इचारलं, पोरगी खोटं बोलायलीय, मग आपण चाललोय कशाला? तर म्हणाले, आजवर ही पोरगी माझ्याशी खोटं बोलली न्हाई. आज बोलायलीय, आणि रडून बोलायलीय. मग हे दुखणं खरंच हाय. राजीला कळू देऊ नको, न्हाईतर ती उतरून जाईल."

 सुपातला तांदूळ तिनं एकदा पाखडला, खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"आणि मग बेळगाव येईस्तवर माझा हात सोडला न्हाई त्यांनी. पदराखाली घट्ट धरून ठेवला हुता. हात गार पडलेला. लई भ्याले हुते."

त्या सबंध वाटेवर मी त्यांच्या पाठीमागे बसले होते. मला वाटत होतं, गाडीत घाबरलेली मी एकटीच आहे.